रात्रीची गाडी आणि सोबतीचे गाणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा हा गृहस्थ पगारवाढ, बोनस, भविष्यनिर्वाह निधी यांपैकी काहीतरी सांगेल अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘रात्रीच्या प्रवासातले गाणे’ असे लिहून पाठविले. त्यावर एका चालकांनी मोठ्या विनयाने विचारले, “हे व्याख्यान की मैफल?” मैफल खचितच नव्हे. मला गाता येत नाही आणि माझे स्वरज्ञानही बेताचेच आहे. संगीताविषयी जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि जे ऐकले ते बहुतेक मालमोटारीच्या केबिनमध्ये. दिवसा सभा आणि रात्री प्रवास, असा संघटनेच्या कामातला माझा तीस वर्षांचा क्रम आहे. मिळेल त्या गाडीने जावयाचे आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसावयाचे. त्या जागेवर बसणाऱ्याच्या अंगावर एक काम आपोआप येऊन पडते. ड्रायव्हरला झोपू द्यावयाचे नाही, आणि त्यासाठी गाणे लावावयाचे. या एका विषयात तरी माझी उमेदवारी पुरी झाली आहे असे मी समजतो.

विषय हलका वाटतो, पण तो आपल्या सर्वांच्या घरचा आहे. कल्याण-निर्मल महामार्ग आपल्या गावातून जातो. माजलगावकडून येणारी आणि मानवत-परभणीकडे जाणारी वाहने रात्रभर आपल्या उशापायथ्याशी धावत असतात. आपल्यापैकी कित्येकांची मुले पुण्याला नोकरीस आहेत. शुक्रवारी काम आटोपून रात्री दहाला ती स्वतःची मोटार काढतात आणि पहाटे आईच्या हातचा चहा प्यावयास दारात हजर होतात. आईला वाटते, पोरगा किती हौसेने आला. तो सात-आठ तास अंधारात कसा आला, वाटेत काय ऐकत आला, हे कोणी विचारीत नाही. मोटार घेतानाही दहा जणांचा सल्ला घेतात. रंग कोणता, सरासरी किती. गाण्याचे यंत्र तीत आयतेच बसवलेले असते, आणि त्यावर काय वाजवावे याचा सल्ला कोणी कोणाला देत नाही. तो आज मी देणार आहे.

रात्री जागून काम करणाऱ्या माणसाने गाणे जवळ केले ही गोष्ट मोटारीच्या फार आधीची आहे. आपल्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई दळिता कांडिता विठ्ठलाला हाक मारते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती भक्ती होती हे खरेच. पण पहाटे तीनला उठून जाते ओढणाऱ्या बाईच्या डोळ्यावरची झोप उडावी, हाही ओवीचा एक उपयोग होता. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ऐकल्या तर ध्यानात येते की चाल अगदी साधी आहे आणि आवाज चढा नाही. शेजारी झोपलेले मूल उठणार नाही इतपतच. आणि मुख्य म्हणजे, बाई स्वतः गाते. बैलगाडीवरच्या माणसाचेही तेच. उसाच्या किंवा कापसाच्या गाड्या रात्री ओळीने निघत. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा ठेका आयताच मिळे आणि पुढचा गाडीवान गळा काढी. त्यात सोय अशी होती की गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल जागा असे. बैलाला वाट पाठ असते. मोटारीला ती पाठ नसते, आणि मला सांगावयाचे आहे त्यातला पुष्कळसा भाग या एका फरकातून निघतो.

मोटारीत गाणे शिरले ते अमेरिकेत. १९३० साली गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीत बसविण्याजोगा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ असे नाव दिले. त्या दशकात तिकडे काही ठिकाणी, ड्रायव्हरचे लक्ष विचलित होते म्हणून अशा रेडिओवर बंदी घालावी, अशी मागणीसुद्धा झाली होती. आपल्याकडे बंदीची भाषा वेगळ्याच कारणासाठी झाली. १९५२ साली नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. केसकर आपलेच, मराठी. अभिजात संगीत घराघरांत जावे ही त्यांची तळमळ होती. पण लोकांनी काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींचा आवाज त्याच वर्षापासून घराघरांत गेला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. माणसाने काय ऐकावे हे वरून ठरवू गेले की असे होते. मीही आज आपल्याला सांगू पाहतो आहे, तेव्हा ही गोष्ट स्वतःला बजावूनच पुढे जातो.

विविध भारतीवर रात्री दहाला ‘छायागीत’ लागत असे आणि साडेदहाला ‘आपकी फर्माइश’. तलत महमूद, हेमंतकुमार, गीता दत्त यांचे आवाज त्या वेळेसाठीच घडविले असावेत असे वाटे. त्यानंतर फार वेळ न जाता केंद्र मिटत असे, आणि ड्रायव्हरला खरी गरज लागे ती नेमकी तेव्हापासून. मध्यरात्रीनंतर रेडिओतून नुसती खरखर. मग ड्रायव्हर स्वतः गाई, किंवा किन्नराला गावयास लावी.

किन्नर म्हणजे आपला क्लीनर, हे आपण जाणताच. या किन्नराच्या जागेवरून महाराष्ट्राला एक मोठा गळा मिळाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. बार्शीचे महबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, तरुणपणी मोटारीवर क्लीनर होते. पुढे गिरणीत कामगार झाले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, गवाणकर आणि ते यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या आवाजासाठी माणसे मैलोगणती चालत येत. १९६९ च्या ऑगस्टमध्ये हा शाहीर गेला तोही मोटारीच्या अपघातात. आमच्या ड्रायव्हरांना मी हे सांगतो तेव्हा ते क्षणभर गप्प होतात. अण्णा भाऊंची मैनेची छक्कड तर दूरच्या खेपेवर असलेल्या प्रत्येक माणसाची आहे. घर गावाकडे आणि पोट मुंबईकडे, हे दुखणे जसे गिरणी कामगाराचे तसेच ड्रायव्हरचे.

१९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि गाणे निवडण्याचा अधिकार पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या हाती आला. केबिनमध्ये आरशाखाली कॅसेटींची चळत असे. तिच्यात प्रल्हाद शिंदे असत, वामनदादा कर्डकांची भीमगीते असत, कव्वाली असे, आणि लता-रफी तर असतच. कॅसेटीचा एक गुण त्या वेळी कोणाच्या लक्षात आला नाही. तिची एक बाजू अर्ध्या तासात संपे. खट् असा आवाज होई आणि केबिनमध्ये एकाएकी शांतता पसरे. पाथरीहून भरलेली गाडी घेऊन निघाले की मानवत येईतो बाजू संपलेली असे. किन्नराने उठून ती पलटावयाची. त्या अर्ध्या-एक मिनिटात ड्रायव्हरच्या कानावर इंजिन पडे, टायर पडे, मागच्या फळक्याची साखळी पडे. एका जुन्या ड्रायव्हरने मला सांगितले, “बाजू संपली की गाडी बोलते.” पाटा तुटायला आला, टायरमध्ये हवा कमी झाली, बेरिंग ओरडू लागले, हे सगळे त्याला कानाने कळत असे. आजचे मोबाइलमधले गाणे संपतच नाही. एक संपावयाच्या आत यंत्र दुसरे सुरू करते, आणि तेही यंत्रानेच निवडलेले असते. म्हणून माझी पहिली सूचना गाण्याची नव्हे, गाणे थांबविण्याची आहे. तास-अर्ध्या तासाने आवाज पूर्ण बंद करून पाच मिनिटे आपली गाडी ऐकावी.

आता कोणते गाणे, या मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या संगीतात रागाला वेळ नेमून दिलेली आहे. पंडित भातखंड्यांनी ती प्रहरांप्रमाणे मांडून ठेवली. रात्रीचा पहिला प्रहर यमनाचा, भूपाचा. दुसऱ्यात बिहाग, बागेश्री. मध्यरात्र उलटली की मालकंस, दरबारी कानडा, अडाणा. पहाटे ललत. या वेळा निसर्गाने ठरविल्या की गायकांनी, यावर विद्वानांत वाद आहे. त्यात मी पडत नाही. मला त्यांतली व्यवहारी बाजू दिसते. रात्रीच्या आरंभी माणूस दिवसभराच्या कामाने तापलेला असतो. कोणाशी तरी बोलाचाली झालेली असते, गाडी भरताना हमालीवरून कटकट झालेली असते, निघावयास उशीर झालेला असतो. अशा वेळी पहिल्या तासात माणूस गाडी रागाने चालवतो. तेव्हा यमन किंवा भूप यांचा उपयोग होतो. शास्त्रीय नको असेल तर सुधीर फडके, माणिक वर्मा, अरुण दाते, सुमन कल्याणपूर यांची भावगीते आहेत. शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसादांची बासरी तर शब्दांचीही गरज ठेवीत नाहीत. किशोरी आमोणकरांचा भूप लावून एक मालमोटार भर रस्त्याने चालली आहे, हे दृश्य विनोदी वाटेल. पण मी ते पाहिले आहे, आणि तो ड्रायव्हर चौथीपर्यंतच शिकलेला होता. “हे काय आहे मला कळत नाही, पण डोके उतरते,” असे त्याचे म्हणणे. पंडितांनी यमनावर लिहिलेल्या लेखांत मला याहून नेमके काही आढळले नाही.

मध्यरात्रीनंतर मात्र शास्त्राचा आणि स्टिअरिंगचा रस्ता वेगळा होतो. दरबारीचा तो हलणारा गंधार ऐकताना श्रोत्याने डोळे मिटावे अशीच त्याची योजना आहे. मैफलीत डोळे मिटणे ही दाद. गाडीवर ती फाशी. मालकंसाविषयी जुन्या गवयांत अशी वदंता आहे की तो अपरात्री गायला तर भुते-जिने ऐकावयास येतात. ती येत असतील नसतील. झोप नक्की येते. विलंबित ख्याल, अंगाईच्या चालीची गाणी, एकसुरी तानपुरा, ही सगळी उत्तम गोष्ट आहे. ती घरी पोचल्यावर अंथरुणावर पडून ऐकावी. रात्री बारानंतर ‘शांत, संथ’ असे काही लावून गाडी हाकणे म्हणजे बाळाला पाळण्यात घालून झोके द्यावयाचे आणि झोपू नको म्हणावयाचे.

येथे पंडित भीमसेन जोशींची आठवण निघणे साहजिक आहे. विमानाने सतत गावोगाव हिंडतात म्हणून पु. ल. देशपांड्यांनी त्यांना ‘हवाई गंधर्व’ म्हटले, पण त्यांचे खरे प्रेम मोटारीवर होते. शेकडो मैल स्वतः गाडी हाकीत ते मैफलींना जात. असा गायक गाडीत काय ऐकत असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. त्यांच्या अभंगांपुरते माझे मत सांगतो. ‘संतवाणी’तले त्यांचे मधल्या लयीचे अभंग रात्री अकरा ते एक या वेळेला फार उपयोगी पडतात. शब्द ओळखीचे असतात, मृदंगाचा ठेका बांधलेला असतो, आणि मुख्य म्हणजे मागून आपणही म्हणू शकतो. ऐकण्यापेक्षा म्हणण्यात माणूस अधिक जागा राहतो. जात्यावरच्या बाईला हे ठाऊक होते. वारकरी घरातला ड्रायव्हर असेल तर काही सांगावेच लागत नाही. आणि भक्तीच्या गाण्याची गोडी धर्म पाहून लागत नाही, हे मी केबिनमध्ये अनेकदा पाहिले आहे. परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात कव्वाली ऐकून आलेला ड्रायव्हर परतीच्या वाटेवर प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी लावतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

कव्वालीचा विषय निघाला आहे तर तिच्याबद्दलही बोलले पाहिजे. कव्वाली माणसाला जागे ठेवते, पण ती शेवटाकडे चढत जाते. टाळ्या वाढतात, लय दुप्पट होते, आणि ड्रायव्हरचा उजवा पाय नकळत खाली जातो. हे मी गमतीने म्हणत नाही. इस्रायलमधले वॉरन ब्रॉडस्की यांनी या शतकाच्या आरंभी गाडीच्या नकली यंत्रावर तरुणांना बसवून वेगवेगळ्या लयीची गाणी ऐकविली. लय जसजशी वाढली तसतसा गाडीचा वेग वाढला, रेषा ओलांडण्याचे आणि लाल दिवा तोडण्याचे प्रकारही वाढले. आमच्या ड्रायव्हरांना ही गोष्ट प्रयोगावाचून ठाऊक आहे. ‘हे गाणे पळवते’ असा शब्दप्रयोगच त्यांच्यात आहे. लग्नाच्या वरातीत जे वाजते ते पळविणारे गाणे. वरात पायी चालते म्हणून ते तिथे शोभते.

आवाजाच्या बाबतीत मी थोडा कठोर आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागात रात्रंदिवस ट्रॅक्टर धावू लागतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे लाल पट्टी नाही, दिवा नाही, आणि पुढे कर्णे लावून एक कोसभर ऐकू जाईल असे गाणे. मागून येणारा जीव तोडून हॉर्न वाजवतो आणि पुढच्याला गाण्यापुढे काही ऐकू येत नाही. अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून गेलेली तरुण मुले आपल्या तालुक्याला नवीन नाहीत. मी त्या ट्रॅक्टरवाल्या पोराला शिव्या देणार नाही. त्याला खेपेवर पैसे मिळतात, दोन-दोन रात्री तो अंथरुणाला पाठ लावीत नाही, कारखान्याच्या अड्ड्यावर दहा-बारा तास रांगेत उभा राहतो. त्या कर्ण्यांनी तो स्वतःला जागे ठेवतो आहे. पण त्याचे काम ज्याने असे लावून दिले आहे त्याला मी प्रश्न विचारीन, आणि त्या पोरालाही सांगेन की कर्णा काढ आणि त्याच पैशात मागे लाल पट्टी लाव. केबिनमधल्या आवाजासाठी माझे माप सोपे आहे. शेजारचा माणूस साध्या आवाजात बोलला तर ऐकू आला पाहिजे आणि मागच्याचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. ही चांगली गोष्ट आहे. उन्हाळ्यात इंजिनाच्या भट्टीशेजारी बसणे काय असते ते बसलेल्यालाच ठाऊक. परंतु काचा बंद झाल्या की बाहेरचे आधीच कमी ऐकू येते. तेव्हा गाण्याचा आवाज त्या मानाने आणखी उतरला पाहिजे.

मध्यरात्रीनंतर गाण्याहून गोष्ट बरी, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. सूर माणसाला आत नेतो; गोष्ट त्याला ‘पुढे काय?’ असे विचारावयास लावते. गीतरामायण घ्या. १९५५ च्या रामनवमीला पुणे केंद्रावर ते सुरू झाले आणि वर्षभर, छप्पन्न गीते, दर आठवड्याला लोक घड्याळ लावून ऐकत. माडगूळकरांनी कथा अशी गुंफली आहे की एक गीत संपले की पुढच्याची वाट पाहावी लागते. रात्रीच्या प्रवासात ते ओळीने ऐकावे, मधूनच उचलून नव्हे. पु. लं.ची कथाकथने, शाहिरांचे पोवाडे, एकनाथांची भारुडे यांचेही तसेच. आजकाल टेंपोवाले रात्री कीर्तन लावतात आणि हसत हसत गाडी चालवतात. काही सुशिक्षित मंडळी त्या कीर्तनांना नाके मुरडतात. त्यांनी एकदा रात्री दोनला नांदेडहून भाजीपाला भरून निघावे, म्हणजे विनोदाची किंमत कळेल.

निवड गाडी सुरू करण्याच्या आधी करावी, ही गोष्ट तरुणांना मुद्दाम सांगतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. मोबाइलवर दुसरे गाणे शोधावयास तीन सेकंद लागले तर सहासष्ट मीटर गाडी आंधळी गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात मोबाइल घेऊन गाडी चालविणे हे धोकादायक चालविण्यात स्पष्टपणे मोजले जाते. पण पोलिसासाठी नव्हे, आपल्यासाठी यादी आधी लावावी. शेजारी माणूस असेल तर किन्नराचे काम त्याने करावे. आणि त्याने झोपू नये. शेजारचा घोरू लागला की ड्रायव्हरच्या डोळ्यांवर त्याचा भार येतो.

आता गाण्याच्या हाताबाहेरची गोष्ट. रात्री दोन ते पाच या वेळेत माणसाचे शरीर झोप मागते. गाणे कोणते लावले आहे याची ते पर्वा करीत नाही. इंग्लंडमध्ये हॉर्न आणि रेनर या संशोधकांनी १९९८ च्या सुमारास पेंगणाऱ्या ड्रायव्हरांवर हे तपासले. खिडकीतून थंड वारा आणि रेडिओ, या दोन्ही उपायांचा गुण थोडा वेळच टिकला. टिकाऊ गुण आला तो गाडी थांबवून कॉफी पिण्याने आणि मग पंधरा मिनिटे झोपण्याने. कॉफीचा परिणाम व्हावयास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढ्यात ती डुलकी होऊन जाते. इतका स्वस्त उपाय, आणि आमच्या ड्रायव्हरांना तो करता येत नाही. कारण माल पहाटे सहाला पोचलाच पाहिजे असे मालकाने लिहून दिलेले असते, आणि उशीर झाला तर भाड्यातून कापले जाते. ते कापलेले पैसे शेवटी भत्त्यातून जातात.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्र उलटल्यावर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याकडे जाणारी एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी जळून मेले. कारणांवर बरेच वाद झाले. ते मी येथे उगाळीत नाही. पण त्यानंतर वर्तमानपत्रांतून ‘महामार्गाचे संमोहन’ हा शब्द रूढ झाला. सरळ, गुळगुळीत, एकसारखा रस्ता माणसाला डोळे उघडे असताना झोपवतो. आपला जुना खड्ड्यांचा रस्ता निदान जागे तरी ठेवी, असे एक ड्रायव्हर म्हणाला. हे खड्ड्यांचे समर्थन आहे असे बांधकाम खात्याने समजू नये.

राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन ड्रायव्हर असावेत अशी अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती. एकाने चालवावे आणि दुसऱ्याने झोपावे. ती पाळली जात होती असे मी म्हणत नाही. पण पाळली नाही तर बोट दाखवावयास जागा होती. २०१८ साली ती अट काढून टाकण्यात आली. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने आठ तासांचा दिवस, अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा आणि सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहून ठेवली होती. तो कायदा २०२० च्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कागद बदलला, आठ तासांनंतर गाडी रस्त्याच्या कडेला लावणारा ड्रायव्हर मला पूर्वीही दिसत नव्हता आणि आताही दिसत नाही. दुसऱ्या ड्रायव्हरची जागा टेपरेकॉर्डरने घेतली आणि आता मोबाइलने घेतली. त्याला पगार द्यावा लागत नाही, भत्ता द्यावा लागत नाही. गाण्याच्या विषयात मी कामगारांचे राजकारण घुसडले असे कोणी म्हणेल. घुसडावे लागले नाही. ते केबिनमध्ये आधीपासूनच बसलेले आहे. ज्याला थांबण्याची मुभा आहे त्याच्यासाठी गाणे ही मौज, आणि ज्याला नाही त्याच्यासाठी ते इंजेक्शन. आपला पुण्याचा मुलगा पहिल्या प्रकारचा आहे. समोरून येणारी दहा चाकी गाडी ज्याच्या हातात आहे तो दुसऱ्या प्रकारचा. दोघे एकाच अरुंद पुलावर भेटतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रामस्थाने बांधण्याची घोषणा केली. आपल्या पाथरीच्या आसपास, माजलगाव आणि मानवत यांच्या दरम्यान, असे एखादे ठिकाण व्हावे यासाठी नगरपरिषदेने आणि व्यापारी मंडळींनी अर्ज करावा, असे मी या व्यासपीठावरून सुचवितो. फार काही लागत नाही. वीस गाड्या उभ्या राहतील एवढी मुरूम टाकलेली जागा, पाण्याची टाकी, संडास, एक दिवा, आणि खाटांवर टाकावयास छप्पर. डिझेल चोरीला जाऊ नये म्हणून एक रखवालदार हवा, नाहीतर ड्रायव्हर गाडी सोडून झोपणार नाही. रात्री गाड्यांची गाणी वाजतील आणि वस्तीला त्रास होईल, अशी हरकत येईल हे मला दिसते आहे. त्या हरकतीला उत्तर आजच देऊन ठेवतो. झोपावयास थांबलेला ड्रायव्हर सर्वांत आधी गाणे बंद करतो. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे; सही करावयाची इच्छा असणाऱ्यांनी सभेनंतर दाराशी असलेल्या टेबलापाशी यावे.